भोपळ्याची बाजू

मराठी माझी मातृभाषा आहे आणि तिच्याबद्दल मला असायला हवा तेवढा अभिमान आहे. पण एका बाबतीत मी तिला माफ करू शकत नाही. भोपळ्याला तिने जी वागणूक दिली आहे, ती कुठल्याही सभ्य भाषेला शोभणारी नाही.

परीक्षेत शून्य मिळालं की आपण म्हणतो, भोपळा मिळाला. फलंदाज आल्या पावली परतला की म्हणतो, त्याला भोपळाही फोडता आला नाही. माणसाचे डोळे उघडले की फुटतो तो भ्रमाचा भोपळा. भ्रमाचा दुधी किंवा भ्रमाचं पडवळ फुटल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? दोन जावांचं पटत नसलं की विळ्या-भोपळ्याचं सख्य. आता या म्हणीत विळा हा कापणारा आणि भोपळा हा कापला जाणारा. पण भांडखोर म्हणून नाव मात्र दोघांचं बरोबरीने! त्याचा चुलतभाऊ कोहळा, तो निदान आवळा देऊन काढण्याइतका मोलाचा तरी ठरला. आणि ती लेकीकडे निघालेली म्हातारी? वाघाच्या तोंडातून तिला सुखरूप घरी आणणारं वाहन कुठलं? भोपळा. त्या गोष्टीत पुढे कोणी त्याचे आभार मानल्याचं मला आठवत नाही.

मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी.कॉम., तेही दुसऱ्या वर्गात. पण शून्य या वस्तूशी माझा पंचवीस वर्षांचा रोजचा संबंध आहे, त्यामुळे त्या विषयावर अधिकारवाणीने बोलतो. शून्य ही अपमान करण्यासारखी चीज नाही. प्रश्न एवढाच असतो की ते कुठल्या बाजूला उभं आहे. आकड्याच्या डावीकडे लिहा, कुत्रं विचारत नाही. उजवीकडे लिहा, रक्कम दहापट. भोपळ्याचंही तसंच आहे, हे मला आमच्या सोसायटीच्या दोन कोजागिऱ्यांनी शिकवलं. त्या रागातच हा लेख लिहितो आहे. राग जुना झालाय हे कबूल, पण आमच्या धंद्यात जुन्या रकमेवर व्याज चढतं.

तर झालं काय, आमची सोसायटी डोंबिवलीची. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवायचं आणि प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा, अशी पद्धत आहे. पदार्थ म्हणजे काय, तर निम्मी घरं भेळ आणतात आणि उरलेली निम्मी ढोकळा. पहिल्या कोजागिरीला आमची आई म्हणाली, "यंदा मी करते." सत्तरी ओलांडलेल्या बाईने आपणहून काही करते म्हटल्यावर आमच्या सौ.ने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो आईला ऐकू जाऊ नये म्हणून मिक्सर चालू केला.

आईने केला भाजलेला भोपळा. सालासकट फोडी, कडा काळपट झालेल्या, वर गूळ, चिंच, तिखट आणि मेथीदाण्याची फोडणी. मोठा स्टीलचा डबा भरून आम्ही गच्चीवर नेला. चंद्र वर आला. दूध संपलं, भेळ संपली, ढोकळासुद्धा संपला, ज्याचा मी सहसा विचार करत नाही. आमच्या डब्याचं झाकण लोकांनी उघडलं आणि आजारी माणसाच्या खोलीचं दार लावावं तशा हलक्या हाताने पुन्हा लावलं. एक काकू म्हणाल्या, "अय्या, भोपळा!" हे 'अय्या' आनंदाचं नव्हतं. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे भोपळा कोणी खात नाही हो," आणि हे त्यांनी आपल्या घराण्याला मिळालेल्या मानपत्रातलं वाक्य वाचावं तसं म्हटलं. दुसऱ्याचा डबा रिकामा परत देऊ नये अशी आपल्याकडे रीत आहे. आमच्या सोसायटीने ती रीत त्या रात्री जरा जास्तच मनावर घेतली. डबा जसा गेला तसा भरलेला परत आला.

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही वेळा भोपळा खाल्ला.

पुढच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा अमेरिकेहून आलेला होता. पोरगा गुणी. न्यू जर्सीला असतो, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतो. तो म्हणाला, तिकडे 'फॉल' सुरू झाला की घरोघरी हे करतात, मी तुम्हाला 'रोस्टेड बटरनट स्क्वॉश' खायला घालतो. फॉल म्हणजे त्यांचा शरद, झाडांची पानं रंगून गळण्याचा. आमच्याकडे शरदात फक्त घाम गळतो. त्याने ते सुरईच्या आकाराचं फळ मोबाइलवरून मागवलं, मंडईतल्या भोपळ्याच्या चौपट भावाने. सालासकट फोडी केल्या. तेल, मीठ, तिखटाचा चुरा, वर मेपल सिरप. ओव्हनमध्ये कडा काळपट होईपर्यंत भाजलं आणि पांढऱ्या बशीत मांडून गच्चीवर आणलं.

सात मिनिटांत बशी रिकामी. मी घड्याळ लावलं होतं. 'अय्या'वाल्या काकूंनी पाककृती लिहून घेतली. ज्यांच्याकडे भोपळा कोणी खात नाही, त्या गृहस्थांनी तीनदा घेतलं आणि "गोड पण आहे आणि तिखट पण आहे, किती वेगळं नाही!" असा अभिप्राय दिला. मी आईकडे बघितलं. तिने एक फोड खाल्ली, नीट चावून, आणि म्हणाली, "चांगलं झालंय. मीठ जरा कमी पडलंय."

आता मंडळी, मी काही स्क्वॉशचा शत्रू नाही. माझं भांडण आहे ते झाकण उघडून परत लावणाऱ्यांशी. अहो, ते फळ आणि हे फळ यांत फरक आहे तो फक्त पासपोर्टचा. बटरनट आणि आपल्या मंडईतले कित्येक भोपळे वनस्पतिशास्त्राच्या वहीत एकाच नावावर मांडलेले आहेत: कुकुर्बिटा मोशाटा. सख्खे भाऊ. एक सुरईसारखा वाढला, एक मोदकपात्रासारखा. एवढ्यावरून एकाला पांढरी बशी आणि दुसऱ्याला बंद झाकण?

"पण तो अमेरिकेचा आहे ना," असं काकू म्हणाल्या. मग आपला कुठला आहे, काकू? आपलाही तिकडचाच! मेक्सिकोत ओआहाका म्हणून भाग आहे, तिथल्या एका गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सापडल्या, त्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या निघाल्या. म्हणजे माणसाने मका हाताळायच्याही आधी भोपळा हाताळला. पुढे तिथले मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावू लागले. घेवड्याने मक्यावर चढायचं आणि भोपळ्याने आपली रुंद पानं पसरून जमिनीची ओल राखायची, तण माजू द्यायचं नाही. काही जमाती त्यांना तीन बहिणी म्हणत. यात सगळ्यांत खालची, सगळ्यांत गप्प आणि सगळ्यांना सांभाळून घेणारी बहीण कोण, हे मी सांगायला नको. ज्या 'स्क्वॉश' शब्दाने गच्चीवर एवढी जादू केली, तोही इंग्रजांचा नव्हे. नॅरागॅन्सेट नावाच्या जमातीचा 'अस्कुटास्क्वॉश', रॉजर विल्यम्स या गृहस्थाने १६४३ साली आपल्या पुस्तकात नोंदवलेला. अर्थ काय, तर कच्चं खातात ते! आणि आम्ही ते दोनशे अंशांवर भाजून वाहवा मिळवली.

आपल्याकडे ही मंडळी आली पोर्तुगीजांच्या काळात. मिरची आली, बटाटा आला, शेंगदाणा आला, साबूदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदही मूळ तिकडलाच. जरा हिशोब करून बघा. एकादशीच्या साबूदाण्याच्या खिचडीत साबूदाणा, बटाटा, दाण्याचा कूट आणि मिरची, म्हणजे तूप-जिरं सोडलं तर अख्खं ताट परदेशी. त्यांना आपण उपासाच्या पंक्तीला मानाने बसवलं. त्याच बोटीने आलेला भोपळाही उपासाला चालतो, पण चालतो एवढंच. बटाट्याला कोणी 'आमच्याकडे खात नाहीत' म्हणून दाखवा! घरात बंड होईल.

भोपळ्याला तर धड एक नावसुद्धा मिळू दिलेलं नाही. मुंबई-पुण्याकडे तो तांबडा किंवा लाल भोपळा, खानदेशात गंगाफळ, नागपूरकडे त्यालाच कोहळं म्हणतात आणि त्याची बाकर भाजी करतात. नगरकडे (आता अहिल्यानगर म्हणायचं) तो डांगर. नोकरीत नवा असताना माझी तिकडे बदली झाली होती. घरमालकीणबाई म्हणाल्या, "भाऊ, आज डांगर केलंय, या जेवायला." मी कोकणातला. आमच्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पिठात कांदा आणि दही कालवून केलेला स्वर्ग. मी दुपारचं जेवण टाळून, वाटेत एक पापडाचं पुडकं घेऊन गेलो. ताटात आली भोपळ्याची भाजी. माझा चेहरा पडलेला त्या माउलीने पाहिला आणि विचारलं, "खात नाही का तुम्ही?" मी म्हणालो, "नाही, आमच्याकडे कोणी खात नाही."

होय. हे वाक्य माझंही आहे. कोर्टात उभा राहून दुसऱ्यावर बोट दाखवायचं आणि आरोपींच्या यादीत आपलंच नाव निघायचं, असला हा खटला आहे. पण आता सुरू केलाच आहे तर सगळंच सांगतो.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा. मला संप म्हणजे काय ते कळत नव्हतं, वडील दिवसभर घरी असतात एवढंच कळत होतं आणि ते मला फार आवडायचं. पुष्कळ लोक गावी निघून गेले. आम्ही लालबागच्या चाळीतच राहिलो, आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत.

मामा गावाहून एस.टी.ने येणाऱ्या कोणाबरोबर तरी भोपळे पाठवायचा. आमच्याकडे गोठ्याच्या छपरावर वेल चढवतात आणि दसऱ्याच्या पुढेमागे भोपळे उतरवून, दोरीत बांधून आढ्याला टांगतात. महिनोन् महिने टिकतात. नुसते टिकत नाहीत, गोड होत जातात, कारण आतल्या पिठूळ भागाची हळूहळू साखर होते. मुदत ठेवीचं तत्त्व मला कॉलेजात शिकवायच्या आधी आढ्याला टांगलेलं मी पाहिलं आहे. तर असा एक भोपळा आला की आमचा आठवडा निघायचा. भाजी, मग घारगे (गूळ उधारीवर मिळाला तर), मग साल-गर एकत्र करून काहीतरी. आणि रात्री आई शेगडीचे निखारे विझायच्या आधी त्यावर फोडी भाजायची. गुळाचा खडा आणि तिखट एकत्र कुटून ते गरम फोडीवर चोळायचं. बस. गोड आणि तिखट. मला वाटायचं, हा काहीतरी सणाचा प्रकार आहे.

आमच्याकडे अशी समजूत की भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची, बाईने नाही. त्यामागे काय शास्त्र आहे मला ठाऊक नाही. पण आई भोपळा वडिलांसमोर ठेवायची, वडील बाह्या सरसावायचे, सुरी लावून एक ठोका द्यायचे, आणि भोपळा कर्र करून उकलला की हात धुऊन पुन्हा दारात जाऊन बसायचे. संपाच्या त्या दिवसांत घरच्या कर्त्या पुरुषाला ज्याला काम म्हणावं असं तेवढंच एक उरलं होतं.

पुढे वडिलांना वॉचमनची नोकरी लागली. पहिला पगार आणला त्या दिवशी त्यांनी मटण आणलं आणि आईला सांगितलं, "यापुढे ह्या घरात भोपळा शिजायचा नाही." झालं. ते जाईपर्यंत शिजला नाही. मला त्याचा आनंदच झाला होता, कारण चाळीतली पोरं मला 'भोपळ्या' म्हणायला लागली होती. बँकेत लागल्यावर मी आणखी पुढे गेलो. कोणाच्या डब्यात भोपळा दिसला की "काय, महिनाअखेर वाटतं?" हा विनोद आमच्या शाखेत मीच रूढ केला. वीस वर्षं चालला तो. लोक हसायचे. मीही हसायचो.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. कोणीही, म्हणजे वडिलांनी, मी, आणि नंतर घरात आलेल्या माझ्या बायकोने, आईला हे विचारलं नव्हतं की तुला भोपळा आवडतो का. तिला आवडतो. आधीपासूनच. ती भूक भागवायला करत होती ते खरं, पण आवडीनेही करत होती. त्या पहिल्या कोजागिरीला तिने केला तो जवळजवळ चाळीस वर्षांनी.

म्हणून मला त्या बंद झाकणाचा राग आला. भोपळा स्वस्त असतो, तो कापून फोडीफोडीने विकतात म्हणून दहा रुपयांतही घरी येतो, आणि पाहुण्यापुढे ठेवला की आपली शिल्लक उघडी पडते अशी आपल्याला भीती वाटते. हा सगळा प्रकार चवीचा नाहीच, पासबुकाचा आहे. त्यावर मेपल सिरप पडलं की पासबुक बदलतं. मेपल सिरप तरी काय असतं? झाडाचा रस, चाळीस लिटर आटवला की लिटरभर मिळतो. आपल्या गुऱ्हाळातही रसच आटवतात. पण गुऱ्हाळावर माश्या असतात आणि बाटलीवर पान काढलेलं असतं.

बरं, आता रागाचा भर ओसरलाय तर पदार्थाबद्दल बोलू. नाहीतर तुम्ही म्हणाल, नुसता भांडून गेला, खायला काही दिलं नाही.

भोपळा घ्यावा तो जड, देठ सुकलेला आणि सालावर नख मारलं तर न उमटणारा. फोड घेत असाल तर बियांजवळचा भाग बुळबुळीत झालेला नको. साल काढू नये. काढायला जाल तर तासभर जाईल, बोट कापेल आणि विळ्या-भोपळ्याच्या सख्यात तिसरा पक्ष म्हणून तुम्ही सामील व्हाल. शिवाय फोडीला भाजताना धरून ठेवतं ते सालच. नको असेल त्याने ताटात सोडावं. बोटभर जाड चंद्रकोरी कराव्यात. किलोभर फोडींना दोन चमचे तेल, मीठ आणि पाऊण चमचा तिखट चोळावं. ओव्हनच्या ताटात मांडताना दोन फोडींत अंतर हवं. गर्दी केली की त्यांची वाफ त्यांनाच लागते आणि भाजायच्या ऐवजी त्या उकडून निघतात. हे तत्त्व ज्याला पटत नसेल त्याने सकाळी आठ बारानंतर डोंबिवली स्टेशनवर यावं.

दोनशे अंशांवर अर्धा-पाऊण तास, मध्ये एकदा उलटून. गूळ मात्र शेवटच्या दहा मिनिटांत, दोन चमचे किसून, चिंचेच्या दाट कोळात विरघळवून वरून फासायचा. आधी घाई केलीत तर गूळ जळून कडू होईल, आणि मग तुम्ही म्हणाल, बघा, भोपळा चांगला लागत नाही. साखर घालू नका. साखर घातलेला भोपळा मी एकदा एका लग्नात खाल्लाय, ते लग्न पुढे टिकलं नाही. कारण वेगळं असेल. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर होतो, झाकण न ठेवता. बाहेर काढला की मोहरी, हिंग, कढीलिंब, सुकी मिरची आणि मोजून सात-आठ मेथीदाण्यांची फोडणी. आठाच्या वर गेलात तर जबाबदारी तुमची. आणि त्याच्या बिया टाकू नका हो! धुऊन, वाळवून, भाजून, सोलून वर भुरभुरवा. एरवी त्याच बिया तुम्ही 'पम्पकिन सीड्स' म्हणून काचेच्या बरणीतून विकत आणताच.

राहता राहिला प्रश्न, हा वाढायचा कुठे. आपल्या ताटाला दोन बाजू. उजवीकडे भाजी-आमटी, म्हणजे खरं जेवण. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, म्हणजे तोंडीलावणं, ज्याला हॉटेलवाले साइड डिश म्हणतात. भोपळ्याची भाजी असली तर उजवीकडे, दह्यातलं भरीत असलं तर डावीकडे. मग हा गोड-तिखट भाजलेला कुठे? आमच्या सौ.चं मत, डावीकडे. माझ्यातल्या बी.कॉम.ला ते झोंबलं. डावी बाजू म्हणजे डेबिट, नावे! पुन्हा भोपळ्याच्या नावावरच टाकायचं? पण मग आठवलं, तो इंग्रजी खतावणीचा नियम. आपल्या जुन्या देशी रोजमेळात डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची. तेव्हा डावीकडे वाढायला माझी हरकत नाही, फक्त तो जमेला धरून वाढावा. हे सगळं मी जेवायच्या आधी दहा मिनिटं उभं राहून समजावून सांगितलं. आई म्हणाली, "जागा असेल तिथे वाढ, पण निवायच्या आधी वाढ."

यंदाच्या कोजागिरीला मी अख्खा भोपळा आणला. सहा किलोचा, स्टेशनपासून खांद्यावर. वाटेत तिघांनी विचारलं, "काय, पूजा आहे का घरी?" खाण्यासाठी माणूस एवढा भोपळा आणील हे कोणाच्या कल्पनेतच येईना. आईने तो माझ्यासमोर ठेवला आणि सुरी दिली. मी म्हणालो, "आई, आता कोण मानतं हे? काप की तूच." ती म्हणाली, "अरे मी न मानायला कोण? पण माझा हात दुखतो." तेव्हा बाह्या सरसावून ठोका मी दिला. पहिल्या ठोक्यात उकलला नाही. तिसऱ्यात उकलला.

सोसायटीचे सेक्रेटरी यादी करायला आले. कोणी काय आणायचं ते लिहून घेत होते. आमच्या नावापुढे पेन थांबवून म्हणाले, "काय लिहू? इंडियन स्टाइल रोस्टेड स्क्वॉश लिहू का? जरा बरं दिसेल."

आई आतून म्हणाली, "भोपळा लिहा."

त्यांनी भोपळा लिहिलं. रात्री मी काही घड्याळ लावलं नाही, पण नजर डब्यावर होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी झाकण उघडलं आणि उघडंच ठेवलं. मुलाची आठवण झाली म्हणाल्या. मग एकाने घेतला, मग दुसऱ्याने. आमच्याकडे कोणी खात नाही, वाले गृहस्थ दोनदा आले. दुसऱ्यांदा येताना जरा वळसा घालून, टाकीच्या बाजूने आले. साडेअकराला मी डबा खाली आणला आणि आईपुढे उघडून धरला. आत फक्त दोन मेथीदाणे होते.

आईने चष्मा लावून आत पाहिलं. म्हणाली, "काय ही माणसं! रिकामा डबा परत देतात का कोणी?"